पाच जुन्या डेस्कटॉपांचा क्लस्टर : कोणत्या कामाला परवडतो आणि कोणत्या कामाला नाही

नागकाठ

नमस्कार मंडळी. स्वतःच्या खर्चाने, अभ्यासाच्या टेबलावर मावेल एवढा संगणक-क्लस्टर (एकाच कामासाठी तारेने जोडलेले अनेक संगणक) उभारणे आज कितपत शहाणपणाचे आहे, यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. माझी आखणी बरीचशी पक्की झाली आहे, तरीही पैसे मोजण्यापूर्वी ती जाणकारांनी तपासावी अशी इच्छा आहे.

मी स्थापत्य अभियांत्रिकीतील जलविज्ञान हा विषय शिकवतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीलगतच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले, हे येथील नागपूरकरांना सांगायला नको. त्यानंतर माझ्या विद्यार्थ्यांनी शहरातील एका लहान पाणलोटाचे प्रारूप एसडब्ल्यूएमएम या प्रणालीत तयार केले आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची ही प्रणाली मोफत मिळते, तिचा गणनेचा गाभा मुक्तस्रोत आहे आणि तो लिनक्सवर संकलित करता येतो. पावसाची तीव्रता, त्याचा कालावधी, नाल्यांत साचलेला गाळ आणि जमिनीत मुरणारे पाणी यांपैकी प्रत्येक गोष्ट थोडी थोडी बदलत तेच प्रारूप काही शे वेळा चालवावे लागते, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. एका रनला १२ मिनिटे लागतात आणि असे ४०० रन करायचे आहेत असे धरले, तर एका कोअरवर (प्रोसेसरमधील एका स्वतंत्र गणकावर) ८० तास जातात. तेच काम २० कोअरवर वाटले तर ४ तासांत उरकते, म्हणजे संध्याकाळी लावलेले काम झोपण्यापूर्वी हातात येते.

योजना अशी आहे की कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले, पुस्तकाएवढ्या आकाराचे पाच मिनी डेस्कटॉप घ्यावेत. आय५-६५००टी हा प्रोसेसर असलेली अशी यंत्रे जुन्या बाजारात मुबलक दिसतात. त्यात चार कोअर असतात, मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ आणि उष्णतेची मर्यादा ३५ वॉट. पाच यंत्रे म्हणजे २० कोअर, सोबत आठ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच, कॅट-६ केबल आणि डेबियन या लिनक्सची एकसारखी स्थापना. खर्चाची मर्यादा साठ हजार रुपये.

या प्रकाराला मोठा वारसा आहे. १९९४ साली नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ डीएक्स४ प्रोसेसरचे १६ साधे संगणक इथरनेटने जोडले आणि त्या जोडणीला बेओवुल्फ असे नाव दिले. पुढे २००७ मध्ये अमेरिकेतील कॅल्विन महाविद्यालयात मायक्रोवुल्फ नावाचा चार मदरबोर्डांचा, हातात उचलून नेता येईल असा क्लस्टर तयार झाला. त्याचा खर्च २,५०० डॉलरांच्या आत होता आणि मोजलेला वेग २६.२५ गिगाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला २६.२५ अब्ज गणिते, होता. माझ्या यादीतील एकाच जुन्या यंत्राचा कागदावरचा कमाल वेग १६० गिगाफ्लॉप्स आहे. अर्थात कागदावरचा वेग आणि मोजलेला वेग यांची तुलना न्याय्य नाही, पण काळ किती पुढे सरकला आहे याची कल्पना त्यावरून यावी.

यात काय चुकते आहे, काय राहून गेले आहे, ते मोकळेपणाने सांगावे.

शंकासुर

धागा आवडला, परंतु नावाला जागून पहिली शंका मीच काढतो. साठ हजारांत भंगारात निघालेली पाच यंत्रे घेण्यापेक्षा सोळा कोअरचा एकच नवा प्रोसेसर का घेऊ नये? एकच वीजपुरवठा, एकच कार्यप्रणाली आणि एकच धूळ झाडण्याचा उपद्व्याप. नव्या यंत्राचा एक कोअर २०१५ च्या काळातील कोअरपेक्षा बराच वेगवान असतो, त्यामुळे १६ नवे कोअर २० जुन्या कोअरांना सहज मागे टाकतील. क्लस्टर उभारण्याची हौस असेल तर हौसेला मोल नसते हे मान्य आहे, पण मग त्याला परवडणारा म्हणू नये.

दुसरी शंका उपयोगाची. धाग्याच्या शीर्षकात ‘डेस्कटॉप’ हा शब्द वाचून अनेकांचा समज होईल की पाच यंत्रे जोडली म्हणजे ऑटोकॅड, फोटोशॉप किंवा ब्राउझर पाचपट वेगाने चालू लागतील. ते होणार आहे का?

समांतर

शंकासुर यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे आणि त्यावर पुन्हा पुन्हा चर्चा होऊ नये असे वाटते. नाही, होणार नाही. क्लस्टरमधील प्रत्येक यंत्राची रॅम वेगळी, कार्यप्रणाली वेगळी. एका यंत्रावर चालणाऱ्या प्रोग्रामला शेजारच्या यंत्राचे कोअर आपोआप दिसत नाहीत. अनेक यंत्रे मिळून एकच मोठा संगणक भासावा असा प्रयत्न लिनक्सच्या जगात झाला होता. ओपनमोझिक्समध्ये चालू असलेली प्रक्रिया एका यंत्रावरून दुसऱ्यावर सरकवण्याची सोय होती, परंतु बहुकोअर प्रोसेसर स्वस्त झाल्यावर त्या खटाटोपाची गरज ओसरली आणि २००८ मध्ये तो प्रकल्प बंद करण्यात आला. आज क्लस्टरवर तेच काम वेगाने होते, जे मुळातच तुकड्यांत मांडता येते आणि ज्याचे तुकडे आपण किंवा आपली प्रणाली यंत्रांना वाटून देते.

आता नागकाठ सरांच्या कामाविषयी. त्यांचे ४०० रन एकमेकांना काही विचारत नाहीत. एका रनचा निकाल दुसऱ्याला लागत नाही. संगणनातील हा सर्वांत सुखाचा प्रकार आहे, आणि अशा कामाला गिगाबिट तर सोडाच, जुना १०० मेगाबिटचा स्विचही पुरेल, कारण तारेवरून जाते ती सुरुवातीची लहान फाइल आणि शेवटचा निकाल. अशा कामासाठी यंत्रे एकसारखी असण्याचीही गरज नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कार्यालयांनी टाकून दिलेल्या, वेगवेगळ्या कुवतीच्या संगणकांतून शंभराहून अधिक नोडांचा (म्हणजे जोडलेल्या यंत्रांचा) क्लस्टर उभा राहिला होता आणि त्यावर देशाच्या नैसर्गिक प्रदेशांचे नकाशे काढण्यात आले होते.

तरीही शंकासुरांची पहिली शंका येथे लागू पडते. काम असे सुटे सुटे असेल, तर ते सोळा कोअरच्या एकाच यंत्रावरही तितक्याच सुखाने होते. म्हणून सरांना माझा प्रश्न असा आहे, की क्लस्टरवर केवळ हेच काम करणार, की आणखी काही?

नागकाठ

समांतर, प्रश्न अगदी वर्मी लागला. दुसरे कामही आहे. माझ्या सहकारी प्राध्यापिका ओपनफोम या प्रणालीत पुलाच्या खांबांभोवतीच्या प्रवाहाचे त्रिमितीय सिम्युलेशन करतात. त्यांचा मेश, म्हणजे पाण्याच्या भागाचे लहान लहान घरांत (सेलांत) केलेले जाळे, सुमारे १० लाख सेलांचा आहे. त्यात एकच रन सर्व नोडांवर विभागावा लागेल, आणि त्यांचे म्हणणे असे की गिगाबिट तारेवर ते काम रडतखडत चालेल.

शंकासुर

मग तर एकच मोठे यंत्र घेण्याचे आणखी एक कारण मिळाले.

स्थिरांक

थांबा, येथे इतक्या लवकर निकाल देणे योग्य होणार नाही. माझे काम याच विषयातले आहे आणि या प्रश्नाचे उत्तर मेश किती मोठा आहे यावर अवलंबून आहे, तेव्हा जरा आकडेमोड करून पाहू.

प्रवाहाच्या सिम्युलेशनमध्ये बहुतेक वेळ दाबाचे समीकरण सोडवण्यात जातो. ते सोडवणाऱ्या पद्धतीला प्रत्येक आवर्तनात सर्व सेलांची माहिती रॅममधून एकदा ओढून आणावी लागते, तिच्यावर थोडेसे गणित करावे लागते आणि ती परत ठेवावी लागते. गणित थोडे आणि ने-आण फार. म्हणून येथे प्रोसेसरचा गिगाहर्ट्झ दुय्यम ठरतो आणि रॅमची बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती माहितीची ने-आण होते ती, निर्णायक ठरते. सोळा कोअरचा नवा डेस्कटॉप कितीही दिमाखदार असला, तरी त्याला रॅमच्या वाटा दोनच असतात. डीडीआर४-३२०० च्या दोन वाटा मिळून सेकंदाला ५१.२ गिगाबाइट. सोळा कोअर त्या दोन नळांवर बादल्या घेऊन रांगेत उभे राहतात. नागकाठ यांच्या जुन्या यंत्रात डीडीआर४-२१३३ च्या दोन वाटा आहेत, म्हणजे सुमारे ३४ गिगाबाइट. एकटे यंत्र कमकुवतच आहे, परंतु पाच यंत्रांची बेरीज १७० गिगाबाइट होते. डीडीआर५ चे नवे यंत्र घेतले तर अंतर कमी होईल, पण पुसले जाणार नाही.

आता तारेचा खर्च पाहू. साध्या गिगाबिट इथरनेटवर एक छोटा संदेश पोहोचायला सुमारे ५० मायक्रोसेकंद लागतात असे धरू. महासंगणकांत वापरल्या जाणाऱ्या इन्फिनिबँडवर तोच संदेश एक-दोन मायक्रोसेकंदांत पोहोचतो. ५० मायक्रोसेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण २.५ गिगाहर्ट्झच्या कोअरच्या घड्याळाचे तेवढ्या वेळात सव्वा लाख ठोके पडतात. दाबाच्या समीकरणाच्या प्रत्येक आवर्तनात किमान दोनदा सर्व नोडांची बेरीज एकत्र करावी लागते. पाच यंत्रांत ती बेरीज फिरवायला तारेवरचे तीन टप्पे लागतात. एका कालपायरीसाठी (सिम्युलेशनमधील वेळेच्या एका टप्प्यासाठी) २०० आवर्तने धरली, तर २०० गुणिले २ गुणिले ३ गुणिले ५० मायक्रोसेकंद, म्हणजे ०.०६ सेकंद निव्वळ वाट पाहण्यात जातात. हा खर्च मेश लहान असो वा मोठा, जवळपास तेवढाच राहतो.

आता दहा लाख सेलांना, प्रत्येकी २०० बाइटांची ने-आण धरून, एका आवर्तनात २०० मेगाबाइट हलवावे लागतात. एकट्या नव्या यंत्राला अशा २०० आवर्तनांसाठी ०.७८ सेकंद लागतील. क्लस्टरला गणनेसाठी सुमारे ०.२४ आणि वाट पाहण्यासाठी ०.०६, म्हणजे एकूण ०.३० सेकंद. क्लस्टर अडीच पट पुढे आहे! मेश एक लाख सेलांचा असेल तर चित्र उलटते. नव्या यंत्राला ०.०७८ सेकंद लागतात, तेही तो मेश प्रोसेसरच्या कॅशमध्ये (आतल्या छोट्या, जलद स्मृतीत) मावणार नाही असे गृहीत धरून. आणि क्लस्टरला ०.०२४ अधिक ०.०६, म्हणजे ०.०८४. हा हिशेब ढोबळ आहे, शेजारच्या सेलांची सीमेवरची देवाणघेवाण मी त्यात धरलेली नाही आणि प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना कागदावरची पूर्ण बँडविड्थ मिळत नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे. मेश मोठा असेल तर जुनी पाच यंत्रे नव्या एका यंत्राला हरवू शकतात, आणि लहान असेल तर तार सगळे खाऊन टाकते.

एक गोष्ट मात्र खरेदीच्या वेळी विसरू नये. जुन्या मिनी डेस्कटॉपात पुष्कळदा ८ गिगाबाइटची एकच पट्टी बसवलेली असते. एक पट्टी म्हणजे एक वाट, म्हणजे ३४ ऐवजी १७ गिगाबाइट. वरचा सगळा हिशेब त्या क्षणी निम्म्यावर येतो. ८ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ४ च्या दोन पट्ट्या घेतलेल्या बऱ्या, आणि जमल्यास ८ च्या दोन.

शंकासुर

स्थिरांक ताई, हिशेब पटला. मोठ्या मेशपुरती शंका मागे घेतो. पण मग ग्राफिक्स कार्डाचे काय? आरटीएक्स ३०६० ची बँडविड्थ सेकंदाला ३६० गिगाबाइट आहे, म्हणजे तुमच्या पाचही यंत्रांच्या बेरजेच्या दुपटीहून अधिक, आणि तेही एकाच खाचेत.

स्थिरांक

प्रश्न रास्त आहे. ज्यांची प्रणाली ग्राफिक्स कार्डावर चालण्यासाठी लिहिलेली आहे, त्यांनी क्लस्टरचा विचारही करू नये, थेट कार्ड घ्यावे. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे शिकवणाऱ्यांनी तर नक्कीच. परंतु एसडब्ल्यूएमएमचा गाभा कार्डावर चालत नाही आणि ओपनफोमचे नेहमीचे सॉल्व्हर प्रोसेसरसाठीच लिहिलेले आहेत. शिवाय या कार्डांत दुहेरी अचूकतेचे (अधिक अंकांपर्यंत नेमके) गणित एकेरी अचूकतेच्या चौसष्टाव्या भागाने चालते, म्हणजे जाहिरातीतील १२ टेराफ्लॉप्सचे सुमारे ०.२ टेराफ्लॉप्स उरतात. बँडविड्थवर अडणाऱ्या कामात ते फारसे बोचत नाही, ज्यात गणितच जड असते त्या कामात बोचते.

वैदर्भीय

थोडे अवांतर, पण अगदीच असंबद्ध नाही. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये परम ८००० तयार झाला, तेव्हाही तत्त्व हेच होते, की एक अवाढव्य प्रोसेसर मिळत नाही तर अनेक लहान प्रोसेसर जोडावेत. त्याचे शिल्पकार डॉ. विजय भटकर हे आपल्या अकोला जिल्ह्यातले, आणि त्यांची अभियांत्रिकीची पदवी नागपूरच्या व्हीआरसीईची, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीची. त्या यंत्रात वापरलेल्या ट्रान्सप्यूटर चिपमध्ये शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार जोडण्या चिपमध्येच कोरलेल्या होत्या. संदेशवहन हे गणनेइतकेच महत्त्वाचे आहे हे तेव्हा गृहीत होते. आपण बाजारातले डेस्कटॉप आणतो, त्यांत गणना भरपूर आहे आणि बोलण्यासाठी एकच गिगाबिटची तार आहे, त्यामुळे स्थिरांक यांनी मांडलेला ०.०६ सेकंदांचा दंड आपल्याला भरावाच लागतो.

समांतर

छान जोड दिलीत. मूळ बेओवुल्फमध्येही हीच अडचण आली होती. प्रोसेसरच्या मानाने १० मेगाबिटचे इथरनेट फारच मंद होते, म्हणून एकाहून अधिक इथरनेट मार्ग एकत्र बांधण्याची युक्ती त्यांनी केली. मिनी डेस्कटॉपला एकच पोर्ट असते. यूएसबीवरून २.५ गिगाबिटचा अ‍ॅडॅप्टर लावता येतो, त्याने मोठ्या फाइली लवकर जातात, पण छोट्या संदेशाचा विलंब त्यामुळे घटत नाही, कधी वाढतोसुद्धा. ओपनफोमसाठी त्यावर पैसे घालवू नयेत असे माझे मत आहे.

खाटखूट

मी सीताबर्डीच्या परिसरात बरीच वर्षे संगणक-दुरुस्ती करतो, त्यामुळे गणिताबद्दल बोलत नाही, लोखंडाबद्दल बोलतो.

यंत्रे घेताना पाचही एकाच कंपनीची आणि एकाच मॉडेलची घ्यावीत. नागकाठ सरांच्या सुट्या कामाला त्याची गरज नसेल, परंतु ओपनफोममध्ये सगळ्यांत मंद यंत्रासाठी बाकीची चार थांबतात. शिवाय एकच अ‍ॅडॅप्टर, एकच पंखा आणि एकच बायोस असला की एक यंत्र बिघडले तरी दुसऱ्याचा भाग लावून पाहता येतो. जमल्यास सहावे यंत्र सुट्या भागांसाठी घेऊन ठेवावे. विक्रेत्याकडे चालू करून बघताना केवळ विंडोज उघडले म्हणून समाधान मानू नये. अर्धा तास सर्व कोअरांवर पूर्ण भार द्यावा आणि वेग खाली येतो का ते पाहावे. जुन्या यंत्रांतील थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते, तिच्यामुळे दहा मिनिटांतच प्रोसेसर स्वतःला आवरू लागतो. पेस्ट बदलणे स्वस्त काम आहे, तेवढ्यासाठी यंत्र नाकारू नये, पण भावात ते धरावे. अ‍ॅडॅप्टर मूळचा आहे का तेही पाहावे. कमी वॉटचा किंवा नकली अ‍ॅडॅप्टर लावला की काही मॉडेले गुपचूप वेग कमी करून चालतात आणि माणूस लिनक्सला दोष देत बसतो.

बायोसमध्ये दोन गोष्टी आवर्जून कराव्यात. वीज गेल्यावर परत आली की यंत्र आपोआप सुरू व्हावे ही सोय चालू करावी, आणि वेक-ऑन-लॅन चालू करावे, म्हणजे काम नसताना चार नोड बंद ठेवून मुख्य नोडवरून हवे तेव्हा उठवता येतात.

आता आपल्या उन्हाळ्याविषयी. मे महिन्यात बाहेर ४५ अंशांच्या वर पारा असताना खोलीत एसी नसेल तर दुपारी क्लस्टरवर पूर्ण भार देऊ नये, इतके सरळ आहे. आपल्याकडे बहुतेकांच्या घरी डेझर्ट कूलर असतो. त्याने खोली खरेच थंड होते, कारण तेव्हा हवा कोरडी असते, परंतु कूलरच्या झोतासमोर यंत्रे ठेवू नयेत. वाळ्याच्या पडद्यातून उडणारे तुषार आणि आपल्या बोअरच्या जड पाण्यातील क्षार मदरबोर्डवर पांढरी पापुद्री धरतात, आणि त्यावर धूळ बसली की ती ओली धूळ पंख्याला चिकटते. अशी यंत्रे दरवर्षी जूनमध्ये माझ्याकडे येतात. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, जमिनीपासून वर, दोन यंत्रांत चार बोटांचे अंतर ठेवून, उभी मांडणी करावी. एकावर एक थप्पी छायाचित्रात सुंदर दिसते, पण वरच्या यंत्राला खालच्याची गरम हवा मिळते.

नागकाठ

खाटखूट दादा, ही माहिती कोणत्याही पुस्तकात मिळाली नसती, मनापासून आभार. विजेचा हिशेबही येथेच मांडतो. भार असताना प्रत्येक यंत्र ५० वॉट घेते असे धरले तर पाच यंत्रे आणि स्विच मिळून सुमारे २६० वॉट. रोज दहा तास चालवल्यास २.६ युनिट, महिन्याला ७८ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटांवर टप्पे बदलतात, त्यामुळे हे ७८ युनिट सरासरी दराने नव्हे, तर आपल्या बिलाच्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने मोजले पाहिजेत. उन्हाळ्यात कूलरमुळे बिल आधीच चढलेले असते, तेव्हा मोठी कामे हिवाळ्यात उरकण्याचा विचार आहे. रात्री चालवण्याने उष्णतेचाही प्रश्न हलका होईल.

समांतर

आता प्रणालींबद्दल, कारण बहुतेक जण यंत्रे आणतात आणि पुढे येथेच अडकतात.

पाचही नोडांना स्विचवर खासगी जाळ्यातील स्थिर आयपी पत्ते द्यावेत आणि नावे-पत्त्यांची फाइल सर्वांवर सारखी ठेवावी. इंटरनेट केवळ मुख्य नोडला, वायफायवरून. सर्व नोडांवर एकच वापरकर्ता असावा आणि त्याचा अंकी क्रमांकही सारखाच असावा. केवळ नाव सारखे आणि क्रमांक वेगळा असला की एनएफएसवरील (म्हणजे जाळ्यावरून सर्वांनी वापरायच्या) फाइलींची मालकी विस्कटते आणि कारण सापडता सापडत नाही. मुख्य नोडवरून इतर नोडांवर एसएसएच या दूरप्रवेश-प्रणालीच्या किल्लीने, पासवर्डाशिवाय जाता आले पाहिजे. क्रॉनी वापरून घड्याळे जुळवून घ्यावीत. वापरकर्त्याचे होम फोल्डर मुख्य नोडवरून एनएफएसने वाटावी.

सुट्या कामासाठी सुरुवातीला स्लर्म या कामे वाटणाऱ्या मोठ्या प्रणालीच्या वाटेला जाऊ नये. जीएनयू पॅरलल हे छोटेसे साधन नोडांच्या यादीवरून कामे वाटते, ज्या नोडचा कोअर मोकळा झाला त्याला पुढचे काम देते, आणि अर्धवट तुटलेली यादी नंतर तेथूनच पुढे चालवू शकते. वीज जाण्याच्या दृष्टीने हा शेवटचा गुण फार मोलाचा आहे. कामांची यादी देताना जास्त वेळ घेणारे रन आधी ठेवावेत. उलट केले तर शेवटी एकच लांब रन एका कोअरवर चालत राहतो आणि एकोणीस कोअर त्याच्याकडे बघत बसतात.

एसडब्ल्यूएमएमच्या निविष्ट फाइलीत थ्रेडांची संख्या देण्याची सोय आहे. ती प्रत्येक रनसाठी १ ठेवावी. प्रत्येक रनने चार थ्रेड मागितले आणि आपण एका नोडवर चार रन सोडले, तर चार कोअरांवर सोळा थ्रेड भांडतील. दुसरे असे की प्रत्येक रनचा तपशीलवार निकाल आधी त्या त्या नोडच्या स्वतःच्या एसएसडीवर लिहावा आणि रन संपल्यावर त्यातील हवा तेवढाच सारांश एनएफएसवर न्यावा. वीस रन एकाच वेळी एनएफएसवर बारीक बारीक लिहू लागले की मुख्य नोडची दमछाक होते, आणि तुमचा २० कोअरचा क्लस्टर एका डिस्कच्या वेगाने चालतो.

ओपनफोमसाठी ओपन एमपीआय, म्हणजे प्रक्रियांमध्ये संदेशांची देवाणघेवाण करणारी प्रणाली, लागेल. सर्व नोडांवर दोन्हींची आवृत्ती अगदी एकच असावी. मेश विभागताना स्कॉच पद्धत वापरावी, तिच्यामुळे तुकड्यांमधील सामाईक सीमा लहान राहते. एका नोडवर चारऐवजी तीनच प्रक्रिया चालवून एकदा वेळ मोजून पाहावी, कारण बँडविड्थ आधीच भरली असेल तर चौथ्या कोअरने फारसा फरक पडत नाही.

यूपीएस पाचही यंत्रांना घेण्याचा मोह टाळावा. मुख्य नोड आणि स्विच एवढ्यांनाच लहान यूपीएस पुरेल. ओपनफोमला ठरावीक कालावधीने स्थिती डिस्कवर लिहायला सांगावे, म्हणजे वीज गेली तरी शेवटच्या नोंदीपासून पुढे जाता येते.

शंकासुर

एक शेवटची शंका. वीस कोअर म्हणजे वीसपट वेग, असे सरांच्या ८० तास आणि ४ तास या हिशेबात गृहीत आहे. अ‍ॅमडालने १९६७ सालीच सांगून ठेवले आहे की कामाचा जो भाग वाटता येत नाही तोच शेवटी वेग ठरवतो. पाच टक्के भाग जरी एकापाठोपाठ एक असाच करावा लागला, तरी वीस कोअरांवर वेग जेमतेम दहापट होतो.

समांतर

बरोबर आहे, परंतु सरांच्या सुट्या रनांत तो भाग नगण्य आहे. फाइली तयार करणे आणि शेवटी निकाल गोळा करणे, इतकेच. मात्र विद्यार्थ्यांनी निकाल गोळा करण्याचा प्रोग्राम ढिसाळ लिहिला आणि तो मुख्य नोडवर एका कोअरवर चार तास चालला, तर एकूण आठ तास लागतील आणि अ‍ॅमडालचा नियम आपल्या घरी येऊन बसेल. सारांश प्रत्येक नोडनेच काढावा असे म्हटले, त्यामागे हेही एक कारण आहे.

तृतीयवर्ष

सर आणि ताई, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. साठ हजार माझ्याजवळ नाहीत. खोलीमित्राचा आणि माझा असे दोन लॅपटॉप आहेत. एमपीआय शिकण्यासाठी रास्पबेरी पाय घ्यावेत का, की या दोनांवरच सुरुवात करता येईल?

समांतर

अवश्य करता येईल. दोन्ही लॅपटॉपांना इथरनेट पोर्ट असेल तर स्विचचीही गरज नाही, एकच केबल थेट एकातून दुसऱ्यात लावावी. गिगाबिट पोर्ट तारांची अदलाबदल स्वतःच करून घेतात, त्यामुळे पूर्वीसारखी क्रॉसओव्हर केबल शोधावी लागत नाही. दोघांना स्थिर आयपी पत्ते द्या, लिनक्स दोन्हीकडे एकाच आवृत्तीचे ठेवा. रास्पबेरी पाय ४ आणि त्यापुढच्या मॉडेलांना खरे गिगाबिट पोर्ट आहे, पण पाय, वीजपुरवठा आणि मेमरी कार्ड धरून एका नोडचा खर्च जुन्या मिनी डेस्कटॉपच्या जवळ जातो आणि वेग त्याहून कमी मिळतो. शिकण्यासाठी तेवढा खर्च नको.

पहिला प्रोग्राम म्हणून दोन प्रक्रियांमध्ये एकच संदेश पुन्हा पुन्हा इकडून तिकडे टोलवण्याचा लिहा आणि वेळ मोजा. आधी दोन्ही प्रक्रिया एकाच लॅपटॉपवर ठेवून, मग केबलवरून, आणि शेवटी वायफायवरून. संदेशाचा आकार ८ बाइटांपासून दुप्पट करत ४ मेगाबाइटांपर्यंत न्या आणि आलेख काढा. स्थिरांक ताईंनी धरलेले ५० मायक्रोसेकंद तुमच्या तारेवर प्रत्यक्षात किती निघतात ते त्या आलेखाच्या डाव्या टोकाला दिसेल. तो आकडा येथे द्या, म्हणजे नागकाठ सरांच्या हिशेबातही तो घालून पाहता येईल.

नागकाठ

तृतीयवर्ष, आकड्याबरोबर लॅपटॉपचे मॉडेल आणि लिनक्सची आवृत्तीही लिहावी. माझे पुढचे पाऊल असे ठरले आहे, की आधी दोनच यंत्रे घ्यायची, प्रत्येकात रॅमच्या दोन पट्ट्या घालायच्या आणि सहकाऱ्यांच्या दहा लाख सेलांच्या मेशवर एका व दोन नोडांची वेळ मोजायची. दुसऱ्या नोडने वेळ निम्म्याच्या आसपास आणला तर उरलेली तीन यंत्रे घेईन. तसे न झाल्यास ती दोन यंत्रे एसडब्ल्यूएमएमच्या रनांसाठी राहतील आणि ओपनफोमसाठी वेगळा विचार करू. खाटखूट दादांकडे त्याआधी थर्मल पेस्टसाठी एक फेरी होईलच.

खाटखूट

या. मात्र दुपारी एक ते चार दुकान बंद असते.